परका हाकीम, घरचा कारकून

चीनच्या बादशाही कारभारातील बड्या अधिकाऱ्याला युरोपातील भाषा ‘मँडरिन’ म्हणतात. हा शब्द मुळात चिनी नव्हेच. संस्कृतातील ‘मंत्री’ मलायात जाऊन ‘मंतेरी’ झाला, तेथील बंदरांत तो पोर्तुगीजांच्या कानी पडला आणि पुढे चीनच्या किनाऱ्यावर उतरल्यावर त्यांनी तो तेथल्या हाकिमांना चिकटवून टाकला. त्याच पोर्तुगीज सत्तेचे एक ठाणे तारापूरच्या किल्ल्यात होते. गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हुकमतीत चीनच्या किनाऱ्यावरचे मकाव होते, तसेच उत्तर कोकणातील वसई, माहीम आणि तारापूरही होते. जानेवारी १७३९ मध्ये मराठी फौजेने तारापूर घेतले तेव्हा या किनाऱ्यापुरता तो संबंध तुटला. शब्दाचा हा प्रवास गमतीचा खरा. परंतु त्या शब्दामागे जो माणूस उभा होता, त्याची कथा आजच्या पालघर जिल्ह्याला अधिक जवळची आहे.

हा मँडरिन परीक्षा देऊन हाकीम झालेला असे. सातव्या शतकाच्या आरंभी सुई घराण्याच्या काळात सुरू झालेली ही परीक्षापद्धती १९०५ मध्ये बंद झाली. म्हणजे मधल्या काही खंडांसह ती सुमारे तेराशे वर्षे टिकली. सुंग घराण्याच्या अमदानीत तर उमेदवाराचे नाव झाकून, हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून लेखनिकांकडून उत्तरपत्रिकेची नक्कल करवून मगच ती परीक्षकापुढे ठेवीत. जन्माने नव्हे तर विद्येने अधिकार मिळावा, हा विचार एवढ्या दक्षतेने अमलात आणणारे दुसरे राज्य त्या काळी शोधूनही सापडणार नाही. नानकिंगच्या परीक्षागृहात एकेका उमेदवाराला बसविण्यासाठी वीस हजारांहून अधिक खोपटी होती. तीत बसलेल्यांपैकी बहुसंख्य नापास होत, पुन्हा बसत आणि पुन्हा नापास होत. वारंवार अपयश आलेल्या हुंग शिउ-च्वान नावाच्या अशाच एका उमेदवाराने पुढे तायपिंग बंडाचे नेतृत्व केले व त्या बंडात दोन कोटींच्या आसपास माणसे मेली असे मानतात. पालघर, बोईसरच्या अभ्यासिकांत डोके घालून बसलेल्या आजच्या तरुणाला यातील बंड परके वाटेल, प्रतीक्षा मात्र वाटणार नाही.

तथापि परीक्षेची ही कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पुढे काय होई, ते सहसा सांगितले जात नाही, आणि खरा बोध तेथेच आहे.

उत्तीर्ण माणसाला त्याच्या स्वतःच्या प्रांतात नेमीत नसत. छिंग घराण्याच्या नियमानुसार तर शेजारच्या प्रांतातही, घरापासून पाचशे ‘ली’च्या, म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटरांच्या आत त्याला नेमणूक मिळत नसे. हेतू उघड होता. भाऊबंद आणि सोयरे यांच्या दडपणापासून हाकीम मुक्त राहावा, न्याय देताना त्याला आपले-परके दिसू नये. हेतू शुद्ध होता असेच म्हणावे लागेल. परंतु चीन हा एका बोलीचा देश नव्हे. उत्तरेकडचा हाकीम कँटनकडे गेला की फिर्यादी काय बोलतो, ते त्याला कळत नसे. दरबारी बोलीला चिनी लोक ‘हाकिमांची बोली’ असेच म्हणत. ती रयतेची नव्हती, हे त्या नावातच कबूल केलेले होते. शिवाय त्याने उमेदीची वर्षे कन्फ्यूशसच्या ग्रंथांवरील निबंध घोटण्यात घालवलेली. सारा कसा आकारतात, जमिनीची नोंद कशी ठेवतात, यांतले त्याला फारसे काही ठाऊक नसे. नेमणूक तीन वर्षांची, आणि पुष्कळदा त्याहूनही अल्प. अशा माणसाच्या हाती लाख-दोन लाख रयत असे.

मग कारभार चाले कसा? तो चाले कारकुनांच्या हातून. कचेरीतील लेखनिक आणि शिपाई त्याच गावचे, तीच बोली बोलणारे, पिढ्यान्‌पिढ्या त्याच दप्तरावर बसलेले. कोणाचे शेत कोठे आहे, कोणाची सीमा कोणी सरकवली, कोणता कागद कोणत्या रुमालात बांधला आहे, हे त्यांनाच ठाऊक. सतराव्या शतकात त्यांचे वेतनही बंद करण्यात आले, तेव्हा अर्ज घेण्याचे, नक्कल देण्याचे, समन्स बजावण्याचे पैसे त्यांनी रयतेकडून उघड घ्यायला सुरुवात केली. हाकीम येत आणि जात. कारकून तेथेच राही. निःपक्षपाती परक्याच्या हाती शिक्का आणि गरजू घरच्याच्या हाती दप्तर, अशी ही वाटणी होती. सम्राटाने वरचे दार परीक्षेने बंदोबस्तात ठेवले, पण रयत जेथून आत शिरे ते दार मोकळेच राहिले.

शेजारच्या कोरियातही हाच प्रकार होता. तेथे परीक्षा इ. स. ९५८ मध्ये, कोऱ्यो घराण्याच्या काळात आली. पुढे १३९२ पासून १९१० पर्यंत राज्य केलेल्या चोसन घराण्याने तिला अधिक मान दिला; तथापि दासांना आणि वरिष्ठ कुळांतील दासीपुत्रांना मोठ्या परीक्षेचा मार्ग बंद राहिला. तालुक्याचा हाकीम बाहेरून येई आणि त्याखालचे वंशपरंपरागत कारकून नियमित वेतनावाचून काम करीत. १४४६ मध्ये सेजोंग राजाने रयतेला वाचता यावी म्हणून अठ्ठावीस अक्षरांची सोपी लिपी जाहीर केली. विद्वानांनी त्याआधीच तिला विरोध केला होता. परीक्षा आणि सरकारी दप्तर चिनी लिपीतच चालू राहिले, ते १८९४ च्या सुधारणांपर्यंत. राजाने रयतेला अक्षरे दिली. कचेरीने ती साडेचारशे वर्षे आत येऊ दिली नाहीत.

या व्यवस्थेचे सर्वांत सूक्ष्म परीक्षण एका कोरियन अधिकाऱ्यानेच करून ठेवले आहे. चोंग याक-योंग हा परीक्षा उत्तीर्ण झालेला, राजाचा गुप्त निरीक्षक म्हणून वेष पालटून गावोगाव हिंडलेला आणि एका तालुक्याचा कारभार पाहिलेला विद्वान. १८०१ मध्ये तो हद्दपार झाला आणि अठरा वर्षे दूर राहिला. हद्दपारीच्या अखेरीस, १८१८ मध्ये, त्याने तालुक्याच्या हाकिमासाठी एक विस्तृत ग्रंथ पुरा केला. नव्या जागी रुजू होण्यासाठी निघाल्यापासून जागा सोडीपर्यंत हाकिमाने काय करावे, ते त्यात क्रमवार सांगितले आहे. आणि कारकुनांच्या युक्त्या ओळखाव्या कशा, यावर त्याचा विशेष भर आहे. अंमल करण्याचा अधिकार आता आपल्या हाती नाही, या जाणिवेतून त्याने ग्रंथाच्या नावात ‘मन’ हा शब्द घातला.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण ब्रिटिशांनी हिंदुस्थानसाठी १८५५ पासून लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा सुरू केली, त्या सुमारास तेथील वादात चीनचा दाखला अनुकूल व प्रतिकूल अशा दोन्ही बाजूंनी दिला जात होता. त्या परीक्षेने कलेक्टर आणला, तोही पूर्णतः परका. त्याच्या खाली कोण होते, ते जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ च्या सुमारास सांगितले. गोरा अधिकारी आपल्या सुखात व अज्ञानात, आणि शेतकरी मधल्या भट कामगारांच्या तावडीत, हे त्यांच्या तक्रारीचे सार. फुल्यांनी चीनची कचेरी पाहिली नव्हती. तरी दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवली तर रेषा जुळतात.

त्यातच मराठी मुलखाची स्वतःची एक भर आहे. येथला घरचा माणूस म्हणजे वतनदार. कुलकर्णी गावचाच, देशपांडे परगण्याचाच, बोली तीच. तरी त्याचे दप्तर रयतेच्या बाजूने बोलले, असे इतिहास सांगत नाही. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, आणि त्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. ‘स्थानिक’ या शब्दाला जे मोहून जातात, त्यांनी हे एकदा आठवून पाहावे.

आता पालघरकडे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या पट्ट्यात वारली, कोकणा, कातकरी यांची वस्ती. घरात बोलली जाते ती मराठी शाळेतली नव्हे. सावकार आणि जमीनदार यांनी येथल्या माणसाला वेठीस धरले, तेव्हा कागद त्याच्या विरुद्ध होता आणि कागद वाचणारा त्याचा नव्हता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन या गोऱ्या सनदी अधिकाऱ्याने वेठबिगारीचे चित्र सरकारपुढे ठेवले. परक्याला काहीच दिसत नाही, असे म्हणता येत नाही ते यामुळेच. पण अहवाल दप्तरात राहिला. वेठ मोडली ती १९४५ मध्ये वारली स्वतः उठले, गोदावरी परुळेकर आणि किसान सभा त्यांच्यामागे उभी राहिली तेव्हा.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला. त्याच वर्षी, जूनमध्ये, राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी गावपातळीवरची पदे स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांतून भरण्याचे ठरविले. चीनने हजार वर्षे जे कटाक्षाने टाळले, नेमके तेच येथे कटाक्षाने करावयाचे होते. हे धोरण न्यायालयात गेले, नेमणुका रखडल्या, निवड होऊनही तरुण वाट पाहत राहिले. विरोधकांचा आक्षेप गुणवत्तेचा आणि समान संधीचा आहे, व तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र गुणवत्ता कोणत्या कामासाठी, हा प्रश्न त्यात निसटतो. जिल्हाधिकारी बाहेरचा असावा, बदलीचा असावा. चीनचे तेवढे शहाणपण घेण्याजोगे आहे. सातबाऱ्यावरची नोंद मोखाड्याच्या म्हातारीला समजावून देणारा माणूस मात्र तिचे बोलणे दुभाष्यावाचून समजणारा हवा. तो वतनदार होणार नाही, कारण त्याची जागा जन्माने त्याच्या मुलाकडे जात नाही, त्याला पगार आहे आणि त्याच्यावर ग्रामसभा आहे. निदान कायद्यात तरी आहे.

राहता राहिली परीक्षा. २०२३ मध्ये तलाठ्यांच्या भरतीसाठी मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन असे चार भाग होते, प्रत्येकाला पन्नास गुण. जव्हारची मुलगी आणि शहरातला मुलगा या दोघांनी तीच प्रश्नपत्रिका सोडवली. तिला वारली येत होती. त्याला गुण नव्हते.