कापसाची परीक्षा : मुठीतून कॅमेऱ्याकडे

बाजार समितीच्या आवारात कापसाची गाडी उभी राहते. प्रतवारी करणारा मूठभर कापूस उपसतो, बोटांनी तंतू ओढून पाहतो, कवडी आणि पालापाचोळा नजरेने जोखतो. क्षणात भाव ठरतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील कित्येक कुटुंबांचे वर्ष त्या क्षणावर अवलंबून असते. अनुभवी माणसाची नजर आम्ही कमी लेखत नाही. परंतु तिला मोजमाप नसते, त्यामुळे तिच्याशी वादही घालता येत नाही.

सरकी काढलेल्या रुईची परीक्षा मात्र आता यंत्रावर होते. नमुना काचेच्या खिडकीवर दाबून ठेवतात, ठरावीक प्रकाश टाकतात आणि खालून कॅमेरा चित्र घेतो. हे चित्र असंख्य बारीक ठिपक्यांचे असते. प्रत्येक ठिपक्याच्या उजळपणाला आकडा मिळतो. शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. एका ठरावीक आकड्याखालील ठिपके संगणक कचरा म्हणून वेगळे काढतो आणि दोन गोष्टी सांगतो : कचऱ्याने किती टक्के जागा व्यापली, व त्याचे कण किती. हा दुसरा आकडा महत्त्वाचा. पानाचा एक मोठा तुकडा सफाईत सहज निघतो. तेवढीच जागा व्यापणारा बारीक चुरा सुतापर्यंत जातो. रुईची चमक आणि पिवळसरपणा मोजण्यासाठी स्वतंत्र प्रकाशमापक असतो.

या तपासणीत रुईचा एक तंतूही तुटत नाही. ताकदीच्या चाचणीत तो तोडावाच लागतो. अशा परीक्षांचे शास्त्र आपल्या राज्यात जुने आहे. मुंबईतील माटुंग्याची कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळा १९२४ पासूनची.

कॅमेऱ्यालाही मर्यादा आहेत. तो फक्त पृष्ठभाग पाहतो. आतला कचरा व ओलावा त्याला दिसत नाही. खताच्या पोत्याचा पांढरा प्लॅस्टिक धागा पांढऱ्या रुईत त्याच्या नजरेतून निसटतो. म्हणून काही सूतगिरण्यांत अतिनील किंवा ध्रुवित प्रकाशाचा आधार घेतात. वेचणीला सुती कापडाची झोळी वापरा, असे सांगतात ते याचसाठी.

आम्हांला खरी उणीव वेगळीच वाटते. हा कॅमेरा रुई पाहतो आणि शेतकरी विकतो सरकीसह कापूस. आकडा हाती येतो तेव्हा शेतकऱ्याचा भाव ठरून गेलेला असतो, आणि जिनिंगमध्ये अनेक गाड्यांचा कापूस एकत्र होऊन त्याची १७० किलोची गाठ बांधलेली असते. त्या गाठीत स्वच्छ वेचणी कोणाची होती, हे चित्रावरून कळत नाही.