पोर्ट्रेट मोडला जे जमत नाही, ते वेलाझकेझला कसं जमलं?

नवीन फोन घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅमेरा किती मेगापिक्सेलचा? ५०, १०८ की २००? आज मी अशा माणसाबद्दल लिहितोय, ज्याने अगदी थोड्या डेटात चेहरे जिवंत केले आणि ते बघायला लोक अजून माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये गर्दी करतात. दिएगो वेलाझकेझ. जन्म १५९९, स्पेनमधलं सेव्हिल शहर. १६२३ मध्ये तो राजा चौथ्या फिलिपचा दरबारी चित्रकार झाला आणि १६६० मध्ये मरेपर्यंत त्याच नोकरीत राहिला. एकच क्लायंट, सदतीस वर्षं! आम्हा आयटीवाल्यांना तर ही कल्पनाच करवत नाही.

टेक्नॉलॉजीच्या साइटवर चित्रकार कशाला, असं वाटेल. पण इमेज प्रोसेसिंगमधला एक मूळ प्रश्न आहे: फोटोतलं काय ठेवायचं आणि काय टाकून द्यायचं? तुमचा फोन प्रत्येक क्लिकला हा निर्णय तुमच्या वतीने घेतो. वेलाझकेझ तो स्वतः घ्यायचा.

झूम करून बघा

त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र म्हणजे १६५६ सालचं 'लास मेनिनास'. मधोमध पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता, आजूबाजूला तिच्या सख्या, पुढे एक झोपाळू कुत्रा, मागच्या आरशात राजा-राणी आणि डावीकडे भल्यामोठ्या कॅनव्हाससमोर हातात ब्रश घेतलेला खुद्द वेलाझकेझ. चित्राची उंची तीन मीटरपेक्षा जास्त आहे. २००९ मध्ये प्रादोची चौदा चित्रं गूगल अर्थवर अफाट रिझोल्यूशनमध्ये आली, त्यात हेही होतं. आता प्रादोच्या वेबसाइटवरच मोठा फोटो मिळतो.

तो फोटो उघडा आणि राजकन्येच्या बाहीवर झूम करा. लांबून जी चंदेरी नक्षी दिसत होती ती गायब! उरतात रंगाचे घाईघाईत मारल्यासारखे फटकारे. थोडा पांढरा, थोडा करडा, मध्येच लाल. नक्षीतली एकही वेलबुट्टी धड काढलेली नाही. पुन्हा झूम आउट करा, रेशीम परत हजर.

असं का होतं? आपल्या डोळ्याला एका वेळी फार लहान भाग स्पष्ट दिसतो. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा, साधारण तेवढाच. बाकीचं धूसर असतं, पण मेंदू गाळलेल्या जागा भरत राहतो आणि आपल्याला वाटतं सगळंच स्पष्ट दिसतंय. जेपेग फाइल याच स्वभावाचा फायदा घेते. डोळ्याला उजेड-अंधारातला फरक पटकन कळतो, रंगातला बारीक फरक तितका कळत नाही. म्हणून जेपेगमध्ये सहसा रंगाची माहिती कमी ठेवतात आणि फाइल लहान होते. वेलाझकेझ उजेडाचा ठिपका नेमक्या जागी ठेवतो आणि लेस तुमच्या डोक्यात तयार होते. डिकोडर तुमच्याकडेच आहे, त्याने फक्त फाइल पाठवली. आपण दर वेळी नव्याने डिकोड करतो, म्हणूनच बहुतेक ही चित्रं शिळी होत नाहीत.

त्याचं 'लास इलान्देरास', म्हणजे सूत कातणाऱ्या बायकांचं चित्रही बघा. त्यातल्या फिरत्या चाकाचे आरे त्याने काढलेच नाहीत. नुसती चकाकती धूसर चकती आहे, आणि चाक गरगरताना दिसतं. आपण याला मोशन ब्लर म्हणतो. कॅमेऱ्याचा शोध लागायला तेव्हा अजून दीडेकशे वर्षं होती.

बॅकग्राउंड कसा घालवायचा

पोर्ट्रेट मोडमध्ये फोन आधी कोणता पिक्सेल किती लांब आहे याचा अंदाज घेतो. कधी दोन लेन्समधल्या फरकावरून, कधी मशीन लर्निंगने. मग माणूस कापून बाजूला ठेवतो आणि मागचं धूसर करतो. केसांपाशी आणि चष्म्याच्या काडीपाशी कात्री हमखास चुकते, हे तुम्हीही पाहिलं असेल.

आता दरबारातल्या पाब्लो दे वायादोलिद या विदूषकाचं चित्र बघा. मागे भिंत नाही, जमीन आणि भिंत जिथे मिळतात ती रेघही नाही. फक्त पायाशी एक सावली. तेवढ्या सावलीवर माणूस घट्ट उभा राहतो! फ्रेंच चित्रकार माने १८६५ मध्ये माद्रिदला गेला आणि हे चित्र बघून थक्क झाला. दुसऱ्याच वर्षी त्याने बासरी वाजवणारा सैनिकी पोरगा तसाच रिकाम्या जागेत उभा केला.

ब्यूटी मोड उलटं करतो

माझ्या मते खरा मुद्दा हा आहे. ब्यूटी मोडमागची जुनी युक्ती सोपी आहे: शेजारच्या पिक्सेलचे रंग जवळजवळ सारखे असतील तर सरासरी काढून एक करून टाकायचे, फरक मोठा असेल तर हात लावायचा नाही. त्यामुळे डोळे, ओठ, केस शार्प राहतात. जातात ते तीळ, व्रण आणि सुरकुत्या. वर बऱ्याच फोनमध्ये रंगही गोरा करून मिळतो, कुणी मागितलेला नसताना. म्हणजे शर्टाचं बटण जसंच्या तसं, आणि माणूस पुसलेला.

वेलाझकेझ कपडे चार फटकाऱ्यांत उरकतो आणि चेहऱ्याशी खोटं बोलत नाही. पोप दहावा इनोसन्ट लाल कपड्यात बसलाय, नजर अशी संशयी की आपणच काहीतरी लपवतोय असं वाटतं. हे चित्र रोमला पोपच्याच पाम्फिली घराण्याच्या गॅलरीत आहे. (फ्रान्सिस बेकनने त्यावरून किंचाळणारे पोप रंगवले, तेही छापील फोटो बघून. रोमला जाऊनही त्याने मूळ चित्र बघायचं टाळलं.)

आणि राजा? १६५३ मधल्या एका पत्रात फिलिप लिहितो की नऊ वर्षांत आपलं चित्र काढलेलं नाही. वेलाझकेझच्या संथ कामासमोर बसायची इच्छा नाही, आणि आपण कसे म्हातारे होतोय तेही बघायचं नाही. हातात सत्ता होती, सांगितलं असतं तर दरबारात कुणीही गाल गुळगुळीत करून दिले असते. पण त्याच सुमाराचं वेलाझकेझचं चित्र प्रादोत आहे: सुजरे डोळे, उतरलेला चेहरा, साधे काळे कपडे, मुकुट नाही. फिलिपबद्दल मला इतर कशापेक्षाही याच चित्रामुळे आपुलकी वाटते.

हाच नियम राजाच्या खालच्यांनाही होता. दरबारात करमणुकीसाठी ठेवलेल्या बुटक्या माणसांना त्याने विनोदी केलं नाही; ते सरळ आपल्या डोळ्यांत बघतात. आणि हुआन दे पारेहा हा तर वेलाझकेझचा गुलाम होता, त्याच्याच चित्रशाळेत राबणारा. १६५० मध्ये रोममध्ये वेलाझकेझने त्याचं चित्र काढलं. मान ताठ, हात अंगरख्यावर, नजर बरोबरीच्या माणसाची. ते तिथल्या पँथिऑनमध्ये प्रदर्शनात लागलं. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. चेहरा इतक्या खरेपणाने बघणारा माणूस त्याच चेहऱ्याचा मालक होता, हे मला अजून पचत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने पारेहाच्या मुक्ततेच्या कागदावर सही केली, पण अट अशी की अजून चार वर्षं काम करायचं.

पुढे पारेहा स्वतः चित्रकार झाला. त्याचं १६६१ सालचं संत मॅथ्यूचं मोठं चित्र आता प्रादोतच आहे. त्यात अगदी डावीकडे झूम करा. तिथे पारेहा उभा आहे, आपल्याकडे बघत, आणि हातातल्या चिठ्ठीवर त्याची सही आहे.