आजीसाठी 'पाय'

'आजी, तुझ्यासाठी पाय करतेय,' म्हटल्यावर ती हसली. 'कर बाई, माझे जुने दुखतातच!' गुडघ्यांमुळे आता तिला गॅससमोर उभं राहवत नाही. गेल्या दिवाळीत करंज्याही विकतच्या आणल्या. तिनं एक खाल्ली आणि गप्प बसली.

म्हणून परीक्षा संपताच अ‍ॅपल पाय करायला घेतला. २ वाट्या मैदा, १५० ग्रॅम थंडगार बटर, अंडं नाही. बटर बोटांनी मैद्यात चोळायचं, पण वितळू द्यायचं नाही. ते गार राहिलं, तरच भाजताना पापुद्रे सुटतात. थंड पाण्यानं गोळा बांधून अर्धा तास फ्रिजमध्ये. सारणात सफरचंद, साखर, दालचिनी. वरच्या पारीला चिरा द्यायच्या, म्हणजे वाफ बाहेर पडते.

माझी कड काही चिकटेना. आजी खुर्ची ओढून टेबलाशी बसली. 'दे इकडे,' म्हणत करंजीसारखी मुरड घालू लागली. बोटं अजून तितकीच चपळ!

१९० अंशांवर पाऊण तास. घरभर दालचिनीचा वास. पहिला तुकडा खाऊन ती म्हणाली, 'ही तर मोठी करंजीच गं! दिवाळीला सारण तू कर, मुरड मी घालते.'

सुट्टीत तुम्हीही पाय करून बघा. कड मात्र घरातल्या मोठ्यांसाठी ठेवा.