खडकाची वीण आणि विहिरीचे पाणी

बीड शहराच्या दक्षिणेस मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात कपिलधार हे क्षेत्र आहे. मन्मथस्वामींच्या समाधीस्थानी कार्तिकी पौर्णिमेस मोठी यात्रा भरते. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारी धार पाहण्यासही लोक येतात. धारेमागील पाषाणाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक शेतकऱ्याने तो अवश्य पाहावा; कारण त्याच जातीचा काळा खडक या भागातील विहिरींत लागतो, आणि विहिरीस पाणी येणे न येणे त्या खडकाच्या विणीवर अवलंबून असते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील तप्त रस भेगांवाटे वर आला आणि थरावर थर पसरत गेला. त्यापासून बनलेल्या खडकास बेसाल्ट म्हणतात. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग त्याने व्यापला आहे. हा रस उघड्यावर लवकर निवाला, त्यामुळे त्यातील स्फटिकांना वाढण्यास अवधी मिळाला नाही. नुकत्याच फोडलेल्या काळ्या दगडात नुसत्या डोळ्यांना कण दिसत नाहीत, ते यामुळे. भिंगाखाली पाहिल्यास फेल्डस्पारच्या बारीक पांढुरक्या काड्या एकमेकींत अडकलेल्या व त्यांच्या फटींत पायरॉक्सिनचे काळसर कण घट्ट बसलेले आढळतात. याउलट नांदेड जिल्ह्यात देगलूरकडील ग्रॅनाइट खोल भूगर्भात सावकाश निवाला. त्याचे दाणे ज्वारीच्या दाण्याएवढे, सहज ओळखू येणारे असतात.

बेसाल्टच्या प्रत्येक थरातही वीण सारखी नसते. मधला भाग भरीव असतो. तेथे कणांमध्ये पाणी शिरण्यास जागा नाही. निवताना आकसून पडलेल्या उभ्या भेगा असतील तरच पाणी वाहते. थराच्या माथ्याशी मात्र रसातील वायूचे बुडबुडे अडकून राहिले व खडक सच्छिद्र झाला. विहिरी खोदणारे यास मांजऱ्या म्हणतात.

येथेच पुष्कळांची फसगत होते. छिद्रे दिसली म्हणजे पाणी लागले, असा समज सर्वत्र आहे. तो खरा नव्हे. छिद्रे सुटी असतात, एकीचा दुसरीशी संबंध नसतो. शिवाय कालांतराने त्यांत झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोटीचे स्फटिक भरले. नाशिक, जळगाव, पुणे या जिल्ह्यांतील असे झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. विहीर खणणाऱ्यास मात्र त्यांचा उपयोग नाही. छिद्रे भरलेला ताजा मांजऱ्या पाणी देत नाही. तोच खडक कुजून मऊ झाला, त्यास आडव्या फटी पडल्या, म्हणजे मात्र पाझर चांगले लागतात.

कित्येक ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो. तो चिकण असल्यामुळे पाणी सहसा खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या माथ्याशी झरे फुटतात. हा पट्टा भिजून ढासळतो. विहिरीत तो लागल्यास तेवढ्या भागास बांधकाम केल्यावाचून राहू नये.

कर्ज काढून सुरुंग लावणाऱ्या कुटुंबास भरीव पाषाणात आणखी दोन परस खाली जाणे फार महाग पडते. 1972 च्या दुष्काळानंतर विंधन विहिरी वाढल्या आणि हा धोका डोळ्यांआड गेला, कारण यंत्र दगडाचे पीठ करून वर फेकते व वीण दिसतच नाही. यासाठी ग्रामसेवकांनी शेतकऱ्यास पुढील गोष्ट सांगावी. खोदकाम चालू असता दर परसास निघालेला दगड निराळा ठेवावा. विंधन विहिरीच्या भुकटीचेही तसेच नमुने ठेवावेत. दगड फोडून ताजी बाजू पाहावी. हातोडीखाली तो खणखणीत वाजला आणि भेग दिसली नाही, तर काम थांबवून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात नमुने दाखवावेत. शेजारच्या विहिरींत मांजऱ्या किती खोलीवर लागला, तो ताजा होता की कुजका, याची नोंदही सोबत न्यावी.