रग्बीचा नवा हंगाम : मुलांचा उत्साह, पालकांची धास्ती

रग्बीची व्यावसायिक लीग आता आपल्या देशातही सुरू झाली आहे. टीव्हीवर सामने पाहून मुले लंबगोल चेंडू मागू लागली, तर आईवडिलांनी घाबरून ‘नाही’ म्हणायचे की थोडे समजून घ्यायचे?

मुंबईहून हावड्याकडे जाणारी गाडी नागपूर, राजनांदगाव आणि दुर्ग मागे टाकून भिलाईला येते. पोलाद कारखान्याभोवती वसलेले हे शहर. १९५९ मध्ये येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले आणि नोकरीच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. शहराच्या कडेचे जुनवानी आज महाविद्यालये, मॉल आणि नव्या वसाहतींनी गजबजले आहे. संध्याकाळी मुलांच्या दोनच वाटा असतात, एक शिकवणीच्या वर्गाची आणि दुसरी क्रिकेटच्या मैदानाची.

समजा, अशाच एका घरात नववीतला मुलगा मोबाईल पुढे करून म्हणाला, “आई, हे बघ! मला रग्बी खेळायचंय.” पडद्यावर एक दांडगा गडी चेंडू छातीशी धरून सुसाट पळतो आहे आणि दुसरा त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला खाली पाडतो आहे. आईच्या काळजात चर्र होईल. बाबा म्हणतील, “आधी गणिताचे मार्क बघ.” आणि आजी विचारील, “अरे, हा खेळ आहे की मारामारी?”

नवा हंगाम जवळ आला की संघ, खेळाडू आणि वेळापत्रक यांची चर्चा रंगते. पण खरा प्रश्न घरातच विचारला जातो. हा खेळ आपल्या मुलाने किंवा मुलीने खेळावा का?

रुपये वितळवून केलेला चषक

रग्बी भारताला अगदीच परकी नाही. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात इंग्रजांनी रग्बीचा सामना खेळला आणि दुसऱ्याच वर्षी तेथे क्लब स्थापन झाला. पण बंगालच्या उकाड्यात हा धावपळीचा खेळ रुजेना. खेळणारी पलटण दुसरीकडे गेली, उरलेले पोलो आणि टेनिसकडे वळले. १८७८ मध्ये क्लब बंद करण्याची वेळ आली, तेव्हा सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवले आणि त्यांचा एक चषक घडवला. त्याला नागाच्या आकाराच्या तीन मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. हा ‘कलकत्ता कप’ इंग्लंडला भेट दिला गेला आणि १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड त्यासाठी झुंजत आले आहेत.

म्हणजे रुपये आपले, घडणावळ आपली, आणि खेळ मात्र तिकडे गेला. भारतात तो मुंबई-कलकत्त्याचे क्लब आणि लष्कर यांच्यापुरता उरला. भारताचा राष्ट्रीय संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला तो थेट १९९८ मध्ये. त्या संघात अभिनेता राहुल बोस होता. पुढे तोच देशाच्या रग्बी संघटनेचा अध्यक्ष झाला.

पंधरा दिवसांची जत्रा

१५ ते २९ जून २०२५ या पंधरवड्यात मुंबईतील अंधेरी क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. मुंबई ड्रीमर्स, दिल्ली रेड्झ, चेन्नई बुल्स, हैदराबाद हीरोज, बंगळुरू ब्रेव्हहार्ट्स आणि कलिंग ब्लॅक टायगर्स असे सहा संघ उतरले आणि ३४ सामने खेळले गेले. अंतिम सामन्यात चेन्नईने दिल्लीला ४१-० असे नमवले.

या लीगची संघरचना पाहण्यासारखी आहे. प्रत्येक संघात १३ खेळाडू होते. त्यांत पाच जगातले नामांकित, तीन मधल्या फळीतले परदेशी आणि पाच भारतीय. २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षे जगातला सर्वोत्तम सेव्हन्स खेळाडू ठरलेला अमेरिकेचा पेरी बेकरही या स्पर्धेत खेळला. आपल्या मुलांना अशा खेळाडूंबरोबर एकाच संघात सराव करायला मिळणे, हा या लीगचा सर्वांत मोठा लाभ. जो चेंडू कसा फेकावा हे मोबाईलवर पाहून शिकायचे, तो फेकणाराच शेजारी उभा राहून हात धरून शिकवतो!

म्हणूनच नव्या हंगामाची वाट पाहताना केवळ ‘कोण जिंकणार’ एवढेच पाहू नये. गेल्या खेपेला बिचकणारा भारतीय खेळाडू यंदा चेंडू घेऊन निधड्या छातीने पळतो का, मोक्याच्या क्षणी त्याच्याकडे चेंडू येतो का, याकडे लक्ष ठेवावे. लीगचे यश त्यावरून कळेल.

कबड्डी येते, मग रग्बीही कळेल

या लीगमध्ये रग्बीचा ‘सेव्हन्स’ हा प्रकार खेळतात. हाच प्रकार २०१६ च्या रिओ स्पर्धेपासून ऑलिंपिकमध्ये आहे. नऊ लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या फिजी देशाने याच खेळात आपले पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले.

प्रत्येक बाजूला सात खेळाडू. एरवी सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात. लीगमध्ये चार-चार मिनिटांचे चार भाग केले, म्हणजे खेळ अवघा सोळा मिनिटांचा. चेंडू हातात घेऊन पळायचे आणि प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. याला ‘ट्राय’ म्हणतात आणि त्याचे पाच गुण मिळतात. त्यानंतर खांबांच्या मधून चेंडू मारता आला तर आणखी दोन.

सर्वांत गमतीचा नियम असा की, हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. तो मागच्या किंवा बाजूच्या साथीदारालाच द्यावा लागतो. पुढे तर जायचे, पण मागच्याला बरोबर घेऊन. एकट्याने मिरवण्याची येथे सोय नाही.

आपल्याकडच्या मुलांना हा खेळ फारसा अवघड जात नाही, कारण पकड कशी करायची हे कबड्डीने शिकवलेले असते. चढाईवर आलेल्याच्या पायांवर झेप घेणे, त्याचा तोल ओळखणे, साखळी धरून त्याला अडवणे ही कला मराठी मातीत लहानपणापासून मुरलेली आहे. खो-खो खेळणाऱ्या मुलांकडे तर झटकन दिशा बदलण्याचे कसब आयतेच असते.

धास्ती खरी, पण उपायही आहेत

रग्बीत इजा होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. खांदा, गुडघा आणि डोके यांना धोका असतो. मात्र धोका आहे म्हणूनच नियमही कडक आहेत. खांद्याच्या वर पकड करणे हा अपराध आहे. उचलून डोक्यावर आपटणाऱ्याला लाल कार्ड दाखवून बाहेर काढतात. ज्याच्या हातात चेंडू नाही त्याला धरताही येत नाही.

लहान मुलांना तर पकड शिकवण्याची घाईच नको. त्यांच्यासाठी ‘टॅग रग्बी’ आहे. कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लावतात आणि ती फीत ओढली की पकड झाली असे मानतात. ना झटापट, ना पडझड. भरपूर धावणे मात्र होते.

मुलाला खेळायला पाठवण्याआधी पालकांनी या गोष्टी अवश्य पाहाव्यात :

पडायचे कसे आणि पकडताना स्वतःचे डोके कोणत्या बाजूला ठेवायचे, हे शिकवल्यानंतरच प्रशिक्षक पकडीचा सराव घेतात का? मैदान मऊ आणि दगडगोट्यांविना आहे का? मुलांच्या जोड्या वय आणि अंगकाठी पाहून लावतात का? दातांचे कवच वापरतात का?

आणि सर्वांत महत्त्वाचे. डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली, तरी त्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू द्यायचे नाही, त्याला डॉक्टरांकडे न्यायचे. मुलगा “मला काही झालं नाही” म्हणाला तरीही. जो प्रशिक्षक हे पाळत नाही, त्याच्याकडे मूल पाठवू नये. उगाच संकोच कशाला?

मुलगी खेळते म्हणाली तर?

मुलगा रग्बी खेळतो म्हटल्यावर घरात कुजबुज होते, मुलगी म्हणाली तर थेट नकार मिळतो. हात-पाय मोडला तर लग्न कसे जमेल, ही चिंता आजही अनेक घरांतून ऐकू येते. पण भारतीय रग्बीची मान उंचावली आहे ती बरेचदा मुलींनीच. पुण्याच्या वाहबिझ भरुचाने देशाच्या संघाचे नेतृत्व केले. २०१९ मध्ये मनिला येथे भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ असे हरवून पंधरा जणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. बिहारच्या स्वीटी कुमारीचा वेग सगळ्या आशियाने पाहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये बिहारमधल्याच राजगीर येथे झालेल्या वीस वर्षांखालील आशियाई सेव्हन्स स्पर्धेत भारतीय मुलींनी कांस्यपदक पटकावले.

मात्र मुंबईत झालेली पहिली लीग पुरुषांची होती. मुलींच्या हाती अशी व्यावसायिक संधी पडेल तेव्हाच हे वर्तुळ पूर्ण होईल. प्रेक्षक म्हणून आपण मुलींचे सामने पाहिले, त्यांची नावे लक्षात ठेवली, तर संघ विकत घेणाऱ्यांनाही त्याची दखल घ्यावी लागेल.

पोटापाण्याचे काय?

बाबांचा प्रश्न असा उडवून लावण्यासारखा नाही. खेळून पोट भरते का? येथे कबड्डीचे उदाहरण बोलके आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा लिलावातली सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. चार वर्षांनी, २०१८ मध्ये, तीच १ कोटी ५१ लाखांवर गेली. पण कबड्डीमागे गावोगावचे संघ आणि खेळ जाणणारा प्रेक्षक आधीपासून होता. रग्बीला हे दोन्ही अजून मिळवायचे आहेत. म्हणून पहिल्या दोन-तीन हंगामांच्या झगमगाटावर भाळून शाळा-कॉलेज सोडणे हा वेडेपणा ठरेल.

मात्र दार अगदीच बंद नाही. २०२० मध्ये केंद्र सरकारने खेळाडूंच्या नोकरभरतीसाठीच्या यादीत ४३ खेळांमध्ये आणखी २० खेळांची भर घातली. त्यांत मल्लखांब आहे आणि रग्बीही आहे. राष्ट्रीय पातळीवर चमकणाऱ्या खेळाडूला त्याचा उपयोग होऊ शकतो. अभ्यास आणि खेळ या दोन्ही दोऱ्या हातात ठेवणेच शहाणपणाचे.

शिवाय खेळाचे सगळे फळ पैशातच मोजायचे नसते. मुंबईत बॉम्बे जिमखान्याबाहेरच्या फुटपाथवर राहणारी मुले मॅथ्यू स्पेसी या रग्बीपटूच्या सरावाकडे टक लावून पाहत. त्याने त्यांना आत बोलावून खेळायला शिकवले, आणि त्यातून १९९९ मध्ये ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली. भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधील आदिवासी मुलांनी २००७ मध्ये थेट लंडनला जाऊन चौदा वर्षांखालील शालेय स्पर्धा जिंकली. अनवाणी वाढलेल्या या मुलांनी मिळवलेला आत्मविश्वास कोणत्या लिलावात विकत मिळणार?

हंगामाआधी घरात

लीग चालते पंधरा दिवस. उरलेले साडेअकरा महिने खेळ जगतो तो शाळेच्या मैदानावर आणि घरच्या पाठिंब्यावर. जुनवानीसारख्या ठिकाणी मैदाने आहेत, धावण्याची हौस असलेली मुले आहेत. कलकत्त्याला रग्बी १८७२ मध्ये उतरली, मुंबईत तिची लीग २०२५ मध्ये भरली. एकाच लोहमार्गाच्या या दोन टोकांच्या मधल्या गावांत मात्र ती अजून घराघरांत पोहोचलेली नाही. ते काम एखाद्या क्रीडाशिक्षकाने आणि पाच-दहा पालकांनी मनावर घेतले तर होण्यासारखे आहे.

नवा हंगाम सुरू होईल तेव्हा एक करता येईल. मुलाला एकट्याने मोबाईलवर सामना पाहू न देता घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावा. सोळाच मिनिटांचा तर आहे! आईने पकड कुठे होते ते पाहावे, बाबांनी नियम विचारावेत, आणि आजीला मुलाने समजावून सांगावे की, ही मारामारी नव्हे, नियमांत बांधलेली झुंज आहे. सामना संपल्यावर हरलेल्यांसाठी जिंकणारे दुतर्फा उभे राहून टाळ्या वाजवतात, तेही तिला दाखवावे.

मग ‘खेळू का?’ या प्रश्नाचे उत्तर काहीही असो, ते भीतीपोटी दिलेले नसेल.