शीर्षक कुठल्या पातळीचं?

जेडीबीसी म्हणजे जावा प्रोग्राममधून डेटाबेसशी व्यवहार करायचा इंटरफेस, जावा १.१ बरोबर १९९७ साली तो आला. त्याची माहिती कोडमध्येच, प्रत्येक क्लास आणि मेथडच्या डोक्यावर कॉमेंट म्हणून लिहिलेली असते. जावाडॉक हे साधन त्यातून एचटीएमएल पानं तयार करतं.

जावाच्या जेडीके १३ पूर्वी क्लासच्या पानाचं नाव ‘एच२’, म्हणजे दुसऱ्या पातळीचं शीर्षक असे, त्यामुळे कॉमेंटमधली शीर्षकं ‘एच३’पासून सुरू होणं रास्त होतं. २०१९ मध्ये ते नाव ‘एच१’ झालं आणि जुन्या कॉमेंटमध्ये मधली एक पायरी गळली. स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्या अंध प्रोग्रामरला ही गळती लगेच जाणवते. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ‘एच’ दाबत तो शीर्षकावरून शीर्षकावर जातो, ‘२’ दाबून फक्त मुख्य विभाग गाठतो. ‘२’ दाबून कॉमेंटमधलं काहीच सापडलं नाही, तर त्याच्या लेखी त्या कॉमेंटमध्ये विभागच नाहीत.

दुरुस्ती एका आकड्याची, पण सगळीकडे ‘३’ काढून ‘२’ घालता येत नाही. मेथडचं स्वतःचं नावच ‘एच३’ असतं, म्हणून तिच्या कॉमेंटमधलं पहिलं शीर्षक ‘एच४’ हवं. म्हणजे ‘उदाहरण’ हेच शीर्षक क्लासवर ‘एच२’ आणि मेथडवर ‘एच४’. बदलताना शीर्षक बंद करणारा टॅगही बदलायचा आणि पोटशीर्षकं एकेक पातळी वर घ्यायची. अक्षर लहान दिसावं म्हणून कुणी ‘एच५’ घातलेला असतो, तिथे आधी मजकूर वाचावा लागतो.

गळलेली पायरी डॉकलिंट हे कॉमेंट तपासणारं साधन ओळ क्रमांकासकट दाखवतं. कुठला विभाग कुणाच्या पोटात जातो, हे मात्र त्याला कळत नाही. जेडीबीसीतल्या कॅश्डरोसेटचं बघा. डेटाबेसचं कनेक्शन सोडून तो डेटा मेमरीत ठेवतो. ‘अपडेटरो’ तिथलीच ओळ बदलतं. बदल डेटाबेसमध्ये जातात ते ‘ॲक्सेप्टचेंजेस’नंतर. मधल्या काळात दुसऱ्या कुणी तीच ओळ बदलली असेल, तर संघर्ष उघड होतो तो याच टप्प्यावर. म्हणून संघर्षाबद्दलचं शीर्षक ‘ॲक्सेप्टचेंजेस’च्या विभागाखालीच हवं. ते शेजारी, समान पातळीवर ठेवलं तरी डॉकलिंट गप्प राहतं. वाचणाऱ्याला मात्र संघर्ष ही स्वतंत्र सोय वाटते.

म्हणूनच हे काम जेडीबीसी जाणणाऱ्यानेच करावं. इथे आकडा बदलणं म्हणजे कुठली गोष्ट कशाचा भाग आहे हे ठरवणं.