घराआधी शेजार
नोकरीसाठी शहर बदलताना वस्ती कशी निवडावी?

नव्या नोकरीचे पत्र हातात आले की घरात पहिली चर्चा पगाराची होते. दुसरी मुलांच्या शाळेची. आणि तिसरा प्रश्न पुढे येतो तो सगळ्यात अवघड: राहायचे कुठे? हा प्रश्न सगळ्याच कुटुंबांना पडतो. मुस्लिम कुटुंबाला त्यात आणखी एक गोष्ट धरावी लागते. आपल्याला आवडलेले घर आपल्याला मिळेल का, हीसुद्धा शंका असते. अरबीत एक म्हण आहे, ‘अल्-जार कब्ल अद्-दार’. घराच्या आधी शेजारी पाहा. आम्हाला ही म्हण लहानपणापासून पाठ होती. तिचा खरा अर्थ मात्र चिपळूण सोडून पुण्याला यावे लागले तेव्हा कळला.

लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी सोडून भोसरीच्या एका कारखान्यात काम मिळाले. आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी अशी पाच माणसे. तीन महिने घर शोधले. त्या शोधात जे शिकलो ते वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख. आमची उदाहरणे पुणे आणि पिंपरी-चिंचवडची आहेत. पण औरंगाबादहून नाशिकला जाणाऱ्यांना किंवा सोलापूरहून मुंबईला जाणाऱ्यांनाही हीच गणिते मांडावी लागतील.

मोहल्ला की मिश्र वस्ती?

नातेवाइकांनी एकमुखाने सांगितले, “कोंढव्यात या.” कारणे पटण्यासारखी होती. कोंढव्यात मशिदी आहेत, मुलांसाठी मकतब आहे, हलाल मटणाचे दुकान कोपऱ्यावर आहे. रमजानमध्ये सहेरीला रस्ता जागा असतो. लग्नकार्यात, आजारपणात माणसे धावून येतात. अम्मीला दुपारी बोलायला बायका मिळतील, हाही मोठाच फायदा होता. शिवाय घर मागताना आडनाव सांगायला कचरावे लागत नाही.

हे शेवटचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की असुरक्षिततेच्या भावनेमुळे अनेक शहरांत मुस्लिम एकाच भागात दाटीने राहू लागले आणि इतरत्र त्यांना घर भाड्याने किंवा विकत मिळणे कठीण होते. मोहल्ल्यात राहणे हा काहींचा आनंदाचा निर्णय असतो, तर काहींपुढे दुसरा रस्ताच नसतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक दिसत नाही. आतल्याला तो कळतो.

आम्हालाही तो कळला. मोशीकडच्या एका नव्या सोसायटीतला फ्लॅट आम्हाला फोटोंवरून पसंत पडला होता. एजंटने फोनवर भाडे, डिपॉझिट, पार्किंग सगळे सांगितले. शेवटी नाव विचारले. क्षणभर थांबून तो म्हणाला, “मालकांना विचारून सांगतो.” संध्याकाळी निरोप आला की फ्लॅट कालच गेला. चार दिवसांनी तोच फ्लॅट पुन्हा जाहिरातीत होता. दुसऱ्या ठिकाणी तर सरळ सांगितले, “सोसायटीत नॉनव्हेज चालत नाही.” आमच्या शेजारी बसलेला मित्र मराठा, आठवड्यातून तीनदा मटण खाणारा. त्याच एजंटने त्याला तीच इमारत दाखवली होती.

अशा वेळी मन कडू होते. पण कडवटपणात घेतलेला निर्णय घरातल्या लहानांना आणि म्हाताऱ्यांना भोगावा लागतो. म्हणून आम्ही एक वही घेतली आणि तीन रकाने आखले: ज्यावाचून चालणारच नाही, जे असले तर बरे, आणि जे नसले तरी निभेल.

वहीतले रकाने

पहिल्या रकान्यात चारच गोष्टी आल्या. कामाच्या ठिकाणी पाऊण तासात पोहोचता यावे. मुलांची शाळा चालत जाण्याजोगी असावी. अम्मीसाठी दवाखाना जवळ असावा. वस्तीतल्या बायका संध्याकाळनंतर निर्धास्त ये-जा करत असाव्यात.

मशीद आम्ही पहिल्या रकान्यात लिहिली आणि मग त्यावर बसून विचार केला. फज्र आणि इशा घराजवळ होतात. जुहर आणि बहुतेकदा असर कामाच्या ठिकाणी. जुम्याची नमाजही कामाच्या दिवशीच येते. म्हणजे घराजवळ मशीद हवीच, पण कारखान्यापासून जेवणाच्या सुट्टीत जाऊन येण्याजोगी मशीद कुठे आहे हेही तितकेच महत्त्वाचे. घर शोधणारे बहुतेक लोक ही दुसरी चौकशी करतच नाहीत आणि पहिल्याच शुक्रवारी अडचणीत येतात. तरावीहला अम्मीला आणि मुलांना सोबत घेऊन जायचे तर चालत किती वेळ लागेल, तेही आम्ही मोजले.

मग हिशेब मांडला. कोंढव्यापासून भोसरीचा कारखाना सुमारे २२ किलोमीटर. महिन्याचे २६ दिवस, जाऊन-येऊन ११०० किलोमीटरच्या वर. मोटारसायकल लिटरला ४५ किलोमीटर देते असे धरले तर पंचवीस लिटर पेट्रोल, म्हणजे साधारण २६०० रुपये. सहा किलोमीटरवर घर असेल तर तोच खर्च ७००-७५० रुपये. कोंढव्यात आम्हाला भाडे दीड हजाराने कमी पडत होते, पण पेट्रोलमध्येच त्याहून जास्त जाणार होते. वेळेचे गणित तर आणखी बोलके. एका बाजूला सव्वा तास, म्हणजे महिन्याला ६५ तास रस्त्यावर. जवळ राहिलो तर सतरा-अठरा तास. वाचलेले ते सत्तेचाळीस तास मुलांच्या अभ्यासाचे आणि अम्मीजवळ बसण्याचे आहेत.

ज्यांचे काम हडपसर, मगरपट्टा किंवा कॅम्पात आहे त्यांच्यासाठी हेच गणित उलटे येईल. त्यांना कोंढवा, वानवडी, सय्यदनगर सोयीचे. कॅम्पात आझम कॅम्पससारखे शैक्षणिक संकुल जवळ. म्हणून “पुण्यात मुसलमानाने कुठे राहावे?” असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. “आमच्या घरातल्या पाच माणसांचा दिवस कुठे सुखाचा जाईल?” असा विचारावा.

आमची नजर मग कासारवाडी, दापोडी, नेहरूनगर या पट्ट्याकडे वळली. इथे जुन्या मिश्र वस्त्या आहेत. लोकल आहे, आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट अशी मेट्रो आहे. सप्टेंबर २०२४ पासून ती थेट स्वारगेटपर्यंत जाते, म्हणजे कोंढव्यातल्या नातेवाइकांकडे रविवारी जाणेही सोपे. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय जवळ. पण नावावर विसंबू नका. नाशिक फाट्याचे मेट्रो स्थानक सुरुवातीला ‘भोसरी’ नावाने ओळखले गेले आणि प्रत्यक्ष भोसरी गाव तिथून बरेच पुढे आहे. नकाशा पाहा आणि मग स्वतः जाऊन या.

तीन वेळा जा, बायकांना विचारा

एखादी वस्ती रविवारी दुपारी पाहून काही कळत नाही. आम्ही प्रत्येक जागी तीनदा गेलो. एकदा सकाळी शाळा-कामाच्या गर्दीत, एकदा रात्री नऊनंतर, आणि एकदा जुम्याला. रात्री रस्त्यावर दिवे आहेत का, नाक्यावर कोण उभे असते, मुली क्लासहून एकट्या येतात का, हे डोळ्यांनी दिसते.

चौकशी एजंटकडे करू नका. दळणाची गिरणी, किराणा दुकान, मशिदीचे पेश इमाम आणि मुख्य म्हणजे घरातल्या बायका, यांना विचारा. पाणी दिवसाआड येते की रोज? किती वाजता? उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का आणि त्याचे पैसे भाड्यात धरलेले असतात का? दक्षिण पुण्यातल्या अनेक सोसायट्यांचा मासिक खर्च टँकरमुळे किती वाढतो, हे तिथे राहणाऱ्या बायकाच नेमके सांगतात.

एक प्रश्न आम्ही कुठेही विसरत नाही: पाणी कुठपर्यंत चढले होते? २२ जुलै २०२१ चा पूर आम्ही चिपळुणात अनुभवला आहे. पुण्यातही २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या काठची घरे बुडाली आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले. स्वस्त तळमजला पाहताना ओढा, नाला, नदी किती जवळ आहे हे आधी पाहा. भिंतीवर ओलीची रेघ असेल तर घरमालकाला काही विचारायची गरजच उरत नाही.

कागद पक्के करा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. “अकरा महिन्यांचाच तर आहे, नोटरी पुरे” असे कुणी म्हटले तर ऐकू नका. नोंदणीकृत करार हातात असेल तर गॅस, बँक, शाळा सगळीकडे पत्त्याचा पुरावा होतो. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून जो आकार घेते, तो सरकारी आदेशानुसार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. कुणी ‘भाडेकरू चार्ज’ म्हणून जास्त मागितला तर हे दाखवून द्या.

नकाराबद्दलही कायदा काय म्हणतो ते माहीत असावे. घटनेचे कलम १५ शासनाला धर्माच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई करते, पण खासगी मालकाने घर भाड्याने देताना केलेल्या भेदभावाला त्याने थेट आळा बसत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सदस्यत्व फक्त पारशांना देण्याचा नियम वैध ठरवला होता. दुसरीकडे, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ नुसार पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सोसायटीचे सदस्यत्व नाकारता येत नाही आणि नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. म्हणजे फ्लॅट विकत घेणाऱ्याच्या हातात काहीतरी आहे, भाड्याने घेणाऱ्याच्या हातात फारसे नाही. हे कटू आहे, पण माहीत असले तर कुठे झगडायचे आणि कुठून पुढे निघायचे हे ठरवता येते.

मुलांच्या शाळेची काळजी मात्र थोडी हलकी होऊ शकते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार जुन्या शाळेने दाखला लगेच दिला पाहिजे आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवू शकत नाही. आमच्या मुलीचा प्रवेश याच कलमामुळे जूनमध्ये वेळेवर झाला.

आधी भाड्याने, मग विकत

गावची जमीन किंवा दागिने मोडून पहिल्याच वर्षी फ्लॅट घेण्याचा मोह अनेकांना होतो. आमचा सल्ला असा की निदान एक पावसाळा, एक उन्हाळा आणि एक रमजान भाड्याच्या घरात काढा. त्यानंतर वस्ती तुम्हाला कळते आणि तुम्ही वस्तीला. विकत घेताना प्रकल्पाची महारेरा नोंदणी आणि इमारतीचा भोगवटा दाखला पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. “आपल्याच माणसाचा बिल्डर आहे” ही ओळख त्या दाखल्याची जागा घेऊ शकत नाही. अनधिकृत इमारतीत अडकलेल्या कुटुंबाला तो आपला माणूस नंतर फोनवरही सापडत नाही.

शेवटी आम्ही कासारवाडीतल्या एका जुन्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे घर घेतले. खाली गुरव कुटुंब, समोर केरळचे ख्रिस्ती जोडपे, वरच्या मजल्यावर लातूरचे मुस्लिम शिक्षक. मशीद चालत बारा मिनिटांवर. मकतब जवळ नाही, म्हणून संध्याकाळी वरचे गुरुजीच चार मुलांना कुरआन पढवतात. अम्मीला सुरुवातीचे दोन महिने जड गेले. कोंढव्यातली खाला दर रविवारी मेट्रोने येऊ लागली तेव्हा ते निवळले.

सूरह निसाच्या ३६ व्या आयतीत नात्यातला शेजारी आणि परका शेजारी, दोघांशीही भलेपणाने वागण्याची ताकीद आहे. मोहल्ल्यात पहिला शेजारी आयता मिळतो. मिश्र वस्तीत दुसरा शेजारी आपल्याला जोडावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. ईदला शीरखुर्म्याची वाटी खाली जाते, गणपतीत मोदक वर येतात. पण खरी ओळख झाली ती पाण्याची मोटर जळाली तेव्हा, चारही घरांनी मिळून वर्गणी काढताना.

घर लागल्यावर पहिल्या महिन्यातच तीन कामे उरका. मतदार यादीत पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरा. रेशन ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेतून नव्या ठिकाणी मिळते का, ते जवळच्या दुकानात विचारून घ्या. आणि चारही बाजूंच्या दारांवर जाऊन आपले नाव सांगून या. एजंटला सांगताना जे नाव अडखळले होते, ते इथे मोकळेपणाने सांगा. उद्या रात्री अम्मीला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर हीच दारे उघडणार आहेत.